डिपॉझिटमधून खाऱ्या वाऱ्याचे पैसे कापता येतात का?

ताई, बिलाचा फोटो मोठा करून पाहिला आणि करारनाम्याची सहाही पानं वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी तुमची हकिगत थोडक्यात सांगतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत नगरपरिषदेच्या मालकीची, गरजूंसाठी कमी भाड्याने दिलेली वसाहत आहे. ती चालवायला एक खासगी एजन्सी नेमली आहे. दोन खोल्या, भाडं महिना २,२०० रुपये, डिपॉझिट १०,०००. तुम्ही मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात, यजमान बोटीवर. ३३ महिने राहिलात आणि आता यजमानांची बोट बदलली म्हणून हर्णैला बिऱ्हाड हलवताय. चावी महिनाअखेरीस द्यायची आहे, पण मॅनेजरने आत्ताच हातात 'दुरुस्ती आकार' म्हणून १३,६५० रुपयांचं बिल ठेवलं. म्हणजे डिपॉझिट गेलंच, वर ३,६५० भरा, नाहीतर ना हरकत दाखला मिळणार नाही. तुम्ही विचारताय, हे भरावंच लागेल का?

नाही. माझ्या हिशेबाने तुमच्याकडून हजार-अकराशे रुपये निघतात, तेही मी एजन्सीला झुकतं माप दिलं तर. हा आकडा कसा आला ते खाली सांगतो.

मी वकील नाही. कंपन्यांच्या कामगार वसाहतींची देखभाल पाहण्यात माझी २६ वर्षं गेली, रायगडात आणि मग रत्नागिरीत. अशी बिलं मी स्वतः बनवली आहेत, शेकड्यांनी. त्यामुळे ती कशी बनतात हे मला कायद्याच्या आधी माहीत आहे. आमच्या ऑफिसात एक छापील तक्ता होता. खोली सोडली की रंग अमुक, सफाई अमुक, नळ अमुक. खोलीत जाऊन कोणी बघायचं नाही. एकदा एका फिटरने खोली सोडली आणि आम्ही छताच्या गिलाव्याचे पैसे लावले. दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन आला. बादलीत छताचे तुकडे होते आणि सळईवरून सुटलेले गंजाचे पापुद्रे. ती बादली त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, हे गंजवायला मी वर चढलो होतो काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत केले, पण तक्ता पुढेही काही वर्षं तसाच चालू होता, हेही सांगितलं पाहिजे.

तर तुमच्या बिलात खरा प्रश्न एवढाच आहे, की जे बिघडलं ते कोणी बिघडवलं. तुम्ही, की काळाने, की समुद्राने? तुमच्या करारातलं अकरावं कलम नेमकं हेच म्हणतं : 'स्वाभाविक झीज वगळता खोली ताब्यात घेतली त्या स्थितीत परत करावी.' मॅनेजरने बहुधा या वाक्याचा उत्तरार्ध वाचला आणि पहिले तीन शब्द सोडले. तुमची सगळी बाजू त्या तीन शब्दांवर उभी आहे. ते पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा.

आता बिलाकडे वळू. त्यात आठ बाबी आहेत. मोठ्या दोनच : रंग ५,४०० आणि स्वयंपाकखोलीच्या छताचा गिलावा २,६००.

गिलाव्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे एजन्सीची बाजू सगळ्यात लंगडी आहे. मॅनेजर म्हणतो, स्वयंपाकाच्या वाफेने छत पडलं. वाफेने रंग काळा पडेल, फार तर भुकटी सुटेल, पण सळई उघडी पडत नाही. किनाऱ्यावर होतं ते असं. हवेतला खार पावसाच्या झडीबरोबर काँक्रीटमध्ये मुरतो. काही ठिकाणी तर बांधतानाच खारी वाळू वापरलेली असते, म्हणजे खार पहिल्या दिवसापासून आत. तो सळईपर्यंत पोहोचला की सळई गंजायला लागते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. आत जागा नसते, मग तो खालचं काँक्रीट ढकलून देतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग ठोकलं तर पोकळ आवाज येतो आणि एका पावसाळ्यानंतर ढपला खाली येतो. म्हणून तर भारतीय मानक आयएस ४५६ : २००० मध्ये किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला सळईवर किमान ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, सांगितलंय आणि समुद्राचे तुषार थेट बसत असतील तर ५०. देशावर कोरड्या हवेत जे २० मिलिमीटरमध्ये भागतं, ते इथे चालत नाही. तुमच्या फोटोत ढपला पडलेल्या जागी कव्हर बोटाच्या पेराएवढंही दिसत नाही. हा बांधणाऱ्याचा दोष आहे. तुम्ही त्या खोलीत ३३ महिने काय, ३३ दिवस राहिला असतात तरी छत त्याच्या वेळेला पडलंच असतं.

पडलेला तुकडा फेकला नसेल तर उलटा करून बघा. मागच्या बाजूला सळईची खोबण आणि तपकिरी डाग दिसेल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकून ठेवा. फेकला असेल तर छताचा जवळून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. आणि एक गोष्ट पैशापेक्षा महत्त्वाची. सळई उघडी दिसत असेल तर जाईपर्यंत तिथे खाली कोणी झोपू नका, आणि 'छत धोकादायक आहे' असं एजन्सीला लेखी कळवा. पुढच्या बिऱ्हाडातलं पोर त्याच छताखाली झोपणार आहे.

आता रंग. इथे तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि तिन्ही तुमच्या फायद्याच्या.

पहिली चूक मापाची. बिलात ९०० चौरस फूट गुणिले ६ रुपये लिहिलंय. ९००! इतका गोल आकडा दिसला की समजावं, टेप लावलेलीच नाही. तुमच्या खोल्या करारात दिल्यात : एक १० बाय १०, दुसरी १० बाय ८, उंची ९ फूट. पहिल्या खोलीच्या भिंती ४० गुणिले ९ म्हणजे ३६०, दुसरीच्या ३६ गुणिले ९ म्हणजे ३२४, दोन्ही छतं मिळून १८०. बेरीज ८६४. त्यातून दारं-खिडक्या वजा केल्या की पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे सव्वाशे फूट हवेला रंग लावायचे पैसे मागितलेत.

दुसरी चूक वयाची. आपल्याकडे डिस्टेंपर किती टिकतो? पुण्यात पाच वर्षं टिकेल. इथे पश्चिमेच्या भिंतीला दुसऱ्याच पावसाळ्यात लोणा धरतो, पापुद्रे सुटतात, बोट फिरवलं की पांढरं पीठ हाताला लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही उभा नाही, आडवा मारणारा. वसाहतीतली बाहेरची भिंत जांभ्याची असली आणि तिला बाहेरून नीट गिलावा नसला, तर ती स्पंजासारखी पाणी ओढते. मी किनाऱ्यावर आतल्या रंगाचं आयुष्य तीन वर्षं, ३६ महिने धरतो. तुम्ही ३३ महिने राहिलात. रंग जवळजवळ त्याचं आयुष्य जगून संपला आहे. तुम्ही नसतात तरी पुढच्या गणपतीआधी एजन्सीला तो काढावाच लागला असता.

तिसरी चूक, सरसकट सगळ्या भिंती तुमच्या माथी मारल्या. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की शेगडीमागची भिंत तेलकट-काळी झाली आहे आणि फळी लावायला चार भोकं पाडली होती. ठीक. शेगडीमागची भिंत ८ बाय ९, म्हणजे ७२ चौरस फूट. त्यांच्याच ६ रुपये दराने ४३२ रुपये. पण रंगाचे ३६ पैकी तीनच महिने शिल्लक होते, म्हणजे बाराव्या हिश्शाचंच नुकसान झालं. ४३२ भागिले १२, छत्तीस रुपये. हसू नका. जुन्या वस्तूचं नुकसान झालं तर नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागता येत नाही, हा साधा न्याय आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ७३ व्या कलमातही भरपाई ठरते ती करारभंगामुळे खरोखर झालेल्या नुकसानीवर. आणि करारात आधीच दंडाचा आकडा छापलेला असला तरी ७४ वं कलम वाजवी तेवढीच भरपाई देतं, छापलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. भोकं बुजवायला पुट्टी आणि मिस्त्रीचा तासभर, २०० रुपये धरू.

ओलीबद्दल मॅनेजर आणखी एक ठेवणीतलं वाक्य काढतील : "पावसात कपडे घरात वाळवता, म्हणून बुरशी येते." यात थोडं तथ्य असू शकतं, म्हणून उगाच नाकारू नका, तपासा. एक फूटभर प्लास्टिकचा कागद त्या भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर हवेतली. पहिलं असेल तर फोटो काढा, दुसरं असेल तर या मुद्द्यावर वाद घालू नका. अर्थात आपल्याकडे जुलै महिन्यात दोरी बाहेर बांधून कपडे कोण वाळवतं, हा प्रश्न मॅनेजरला विचारायला हरकत नाही.

न्हाणीघराच्या दाराचे १,९०० लावलेत. दार खालून कुजलंय. ओल्या जागी साधं प्लायचं दार लावलं की ते कुजणारच. फायबरचं किंवा पीव्हीसीचं लावायचं असतं, निदान खालच्या फूटभराला पत्रा मारायचा असतो. तुमच्याकडून शून्य. या दारावरून एक आठवलं. मी शेवटी ज्या वसाहतीत होतो तिथे जुनी बिलं चाळताना सापडलं की एकाच खोलीच्या एकाच दाराचे पैसे लागोपाठ तीन भाडेकरूंकडून कापले होते आणि दार कधीच बदललं नव्हतं. हे पुढे माहिती अधिकाराच्या मुद्द्यावर कामाला येईल.

नळ दोन, ७०० रुपये. एक गळतो. वॉशर झिजला तर ती झीज. दुसऱ्याची मूठ मुलाने लोंबकळून तोडली असं तुम्हीच लिहिलंय. त्याचे ३५० तुमचे, पण नळही तीन वर्षं जुना, निम्मे धरू, १७५. विजेच्या फिटिंगचे ९५० मोघम लिहिलेत. त्यात दोन गंजलेले होल्डर आहेत, ते खाऱ्या हवेचे. जळालेला पॉइंट मात्र तुमचा. १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड सहा अँपियरच्या पॉइंटला लावला की तो साडेसहा अँपियर ओढतो आणि पॉइंट कधी ना कधी जळतोच. १८० रुपये. हर्णैला गेल्यावर तो रॉड पंधरा अँपियरच्या पॉइंटलाच लावा.

ड्रेनेज तुंबल्याचे ८०० तुम्ही देऊ नका. फोटोत दिसणारं चेंबर चार खोल्यांचं सामायिक आहे. तुमच्या न्हाणीच्या जाळीत खवले अडकले असते तर गोष्ट वेगळी. सफाईचे ८५० तर गमतीचेच. चावी अजून तुमच्याकडे आहे, तुम्ही खोलीत राहताय, आणि तुम्ही घाण करून गेलात याचं बिल आधीच तयार! जायच्या दिवशी खोली झाडून-पुसून फोटो काढा, हा विषय संपला.

राहिली खिडकीची काच, ४५० रुपये. तुम्ही म्हणता, खिडकीची कडी आधीपासून तुटकी होती, तुम्ही दोनदा तोंडी सांगितलं होतं, आणि मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात पाखा आपटून काच फुटली. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण तोंडी सांगितल्याचा पुरावा नाही. मी तुमच्या जागी असतो तर हे ४५० सोडून दिले असते. एखादी बाब आपणहून मान्य केली की बाकीच्या सातांवर बोलताना आपल्या शब्दाला वजन येतं.

तर बेरीज अशी : काच ४५०, पॉइंट १८०, भोकं २००, नळ १७५, शेगडीमागची भिंत ३६. एकूण १,०४१. डिपॉझिटमधून ८,९५९ रुपये तुम्हाला परत मिळायला हवेत.

आता कायद्याचं. तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं की भाडे नियंत्रण कायद्याचं १४ वं कलम दाखवा. दाखवू नका, मॅनेजर हसतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना लागू नाही, आणि तुमची जागा नगरपरिषदेची आहे. ज्यांचं बिऱ्हाड खासगी मालकाच्या चाळीत भाडेकरू म्हणून आहे त्यांना मात्र ते कलम उपयोगी आहे. करारात वेगळं कबूल केलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच.

तुम्हाला धरायचंय ते करारातलं अकरावं कलम, आणि त्याच्या पाठीशी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या १०८ व्या कलमातलं तत्त्व. ते कलम भाडेपट्ट्यासाठी आहे आणि तुमच्या कराराचं नाव 'परवाना' आहे, म्हणजे जागेत हक्क न देता नुसती राहायची मुभा, म्हणून ते जसंच्या तसं लागू होतं असा दावा करू नका. पण झीज म्हणजे काय हे सांगायला त्याच्यासारखा आधार नाही. त्यात म्हटलंय की भाडेकरूने जागा घेतली तशी परत करायची, मात्र वाजवी झीज आणि ज्याच्यापुढे माणसाचं काही चालत नाही अशा शक्तीमुळे झालेले बदल सोडून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे पत्त्यांसारखे उडाले. त्यानंतर एका वसाहतीत उडालेल्या पत्र्यांचे पैसे बिऱ्हाडकरूंकडून मागितल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. कोकणातल्या वाऱ्याचा जामीन भाडेकरू कसा होईल? त्याच कलमात आणखी एक सोय आहे जी कोणी वापरत नाही. दोष भाडेकरूमुळे झाला असेल तर मालकाने त्याची नोटीस द्यायची आणि भाडेकरूने तीन महिन्यांत तो दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे दुरुस्त करायची संधी आधी, पैसे नंतर. तुमच्याकडे चावी आहे. काच आणि पॉइंट तुम्ही तुमच्या माणसाकडून बसवून घेऊ शकता, बहुधा निम्म्या पैशात. पावत्या ठेवा.

आदर्श भाडेकरार कायद्याचंही कोणी तरी तुम्हाला सांगितलंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ ला मंजूर केला, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. त्या आदर्श कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे : इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे, नळाचा वॉशर, स्विच, काच, मोरी साफ करणं भाडेकरूकडे. मोजपट्टी म्हणून चांगली आहे, फक्त ती दाखवलीत तर वॉशर आणि मोरीची बाजूही तुमच्यावर येईल, हे लक्षात ठेवा.

आणि "एवढ्या कमी भाड्यात दुरुस्ती कुठून करणार?" हे वाक्य. ते प्रत्येक अनुदानित वसाहतीत ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला उगाच ओशाळायला होतं. ओशाळू नका. भाडं कमी आहे कारण सरकारने आपला हिस्सा आधीच दिलेला असतो, कधी जमीन, कधी बांधकाम, कधी करात सूट. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना आणली, तिचा पहिला प्रकारच असा की सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरं एजन्सीने दुरुस्त करायची, २५ वर्षं चालवायची आणि मग नगरपालिकेला परत द्यायची. भाडं दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढवायची मुभाही दिलेली, पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांपर्यंत. एजन्सी हे गणित करूनच निविदा भरते. देखभाल हा तिच्या धंद्याचा खर्च आहे. तो जाणाऱ्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून काढणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे घेणं.

आता करायचं काय. बिलावर 'मान्य' लिहून सही करू नका. पोच मागितली तर 'हरकत राखून बिल मिळाले' असं लिहा, खाली तारीख. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेण्याचा मोह टाळा. सगळे तोच सल्ला देतात, पण मग थकबाकीदार तुम्ही ठरता आणि सगळी चर्चा तिकडे वळते. भाडं भरा, पावती घ्या. आणि असं एक साधं पत्र द्या, दोन प्रती करून, एकीवर शिक्का घेऊन :

'आपण दिलेले १३,६५० रुपयांचे दुरुस्ती आकाराचे बिल मिळाले. करारातील कलम ११ नुसार स्वाभाविक झीज वगळलेली आहे. छताचा गिलावा, रंग, न्हाणीघराचे दार, होल्डर व सामायिक चेंबर या बाबी मला मान्य नाहीत. काच व विजेचा पॉइंट मी स्वतः दुरुस्त करून देत आहे. एका नळाचे १७५ रुपये, भोके बुजवण्याचे २०० रुपये व शेगडीमागील भिंतीचे ३६ रुपये मान्य आहेत. चावी देण्यापूर्वी संयुक्त पाहणी करून मोजमाप व दोन्ही बाजूंच्या सहीची नोंद करावी. ताबा देतानाची नोंद, प्रत्येक बाबीचे माप, दर आणि प्रत्यक्ष खर्चाची पावती द्यावी. उर्वरित डिपॉझिट चावी दिल्यापासून करारातील मुदतीत परत करावे.'

यातली 'ताबा देतानाची नोंद' ही मागणी सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही राहायला आलात तेव्हा खोली कशी होती याचा कागदच नसेल, तर ती आता बिघडली असं कशाच्या तुलनेत म्हणायचं? माझ्या अनुभवात दहातल्या आठ वसाहतींत हा कागद नसतो, आणि इथेच बहुतेक मॅनेजर नरमतात. दराबद्दल शंका असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा, तिथे रंग-गिलाव्याचे दर मिळतात. बिलात खाली 'जीएसटीसह' लिहिलंय पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही, तोही मागा. क्रमांक मागितल्यावर बिलं आपोआप लहान झालेली मी पाहिली आहेत.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या, सोबत फोटो. मालक ते आहेत, एजन्सी नव्हे. 'आपले सरकार' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. त्याच वेळी माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं फक्त इतकंच : नगरपरिषद आणि एजन्सीमधला करारनामा देखभालीच्या परिशिष्टासह, आणि तुमच्या खोली क्रमांकाबाबत मागच्या पाच वर्षांत डिपॉझिटमधून कापलेल्या रकमा बाबवार. कोणाचं नाव मागू नका, नाव मागितलं की खासगी माहिती म्हणून अर्ज अडवतात. आधीच्या बिऱ्हाडाकडूनही याच कुजलेल्या दाराचे पैसे घेतले असतील तर ते तिथे दिसेल.

एवढ्यावरही अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बहुतेकदा त्यांच्या एका पत्राने काम होतं, नाहीतर लोकअदालतीत. ग्राहक आयोगाची वाट मी लगेच सुचवणार नाही. निव्वळ भाड्याचं प्रकरण सेवेत बसतं की नाही यावरच वेळ जातो.

३,६५० भरले नाहीत तर काय करतील, असं तुम्ही विचारलंत. दावा करू शकतात, तेवढ्याशा रकमेसाठी, ताब्याच्या नोंदीशिवाय. तो ते करणार नाहीत. सामान अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. टेम्पो आल्यावर गेट लावलं तर वाद घालत बसू नका, पोलिसांना फोन करा आणि मोबाइल चालू ठेवा. ना हरकत दाखल्याचं म्हणाल तर हर्णैच्या नव्या मालकाला तो लागतो का ते आधी विचारा. खासगी मालकाला बहुधा भाड्याच्या पावत्या पुरतात, आणि त्या तुमच्याकडे ३३ आहेत.

येत्या रविवारी यजमान किनाऱ्यावर असतील तर दोघांनी मिळून खोली मोजून घ्या. प्रत्येक भिंतीचा दिवसाउजेडी फोटो, पश्चिमेच्या भिंतीचे दोन. टेप नसेल तर शेजारच्या मिस्त्रीकडून मागून आणा. आणि शक्य असेल तर त्यालाच पाहणीच्या दिवशी सोबत उभा करा. छताला एक टिचकी मारून तो जे सांगेल, ते मॅनेजरने ऐकलेलं बरं.